तीन फुटी पार

४ नोव्हेंबर २००१, रविवार

हरले. परत हरले! ज्या माणसाला सकाळी चहाचा कप बशीत आहे की ओट्यावर, हे हाताने चाचपून बघावं लागतं, त्याच्याकडून हरले.

हे सुरू कसं झालं ते लिहून ठेवते. प्रफुल, माझा धाकटा भाऊ, दोन वर्षांनी अमेरिकेहून आला होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाऊन आला, आईच्या हातचं पोटभर खाल्लं, आणि जाताना प्लास्टिकच्या तीन चकत्या ठेवून गेला. तिकडे म्हणे लोक बागेतल्या झाडाझाडांतून ही चकती फेकत जातात आणि लांब लावलेल्या टोपल्यात पाडतात. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. आई म्हणाली, "एवढ्या दुरून आला अन् बादलीचे झाकणं घेऊन आला."

मला वाटलं, माळ्यावर जातील. पण बाबांना वेड लागलं! जन्मभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आता रिटायर, हातांना काम नाही. इरई नदीकडच्या वनउद्यानात त्यांचे दोस्त लटारूभाऊ चौकीदार आहेत. झालं. बुरडाकडून बांबूची टोपली आणली. मुन्ना वेल्डरने वर लोखंडी रिंग बसवून दिली आणि रिंगेला सायकलच्या जुन्या चेनी लोंबकळत सोडल्या. चकती चेनीला धडकते, खळ्ळकन वाजते आणि टोपल्यात पडते. साग, मोह, तेंदू, जे झाड सापडलं त्याला टांगली. नऊ टोपली. चंद्रपुरात असला खेळ दुसरं कोणी खेळत असेल तर मी नाव बदलते.

७ नोव्हेंबर

शाळेआधी एक डाव. माझी चकती सागाच्या खोडावर आपटून मागे आली आणि माझ्याच पायाशी पडली. म्हणजे फेक मोजली गेली आणि मी होते तिथेच. बाबांचा आवाज आला, "पोरी, सागाशी काऊन भांडून राह्यली?"

भूगोलाची शिक्षिका मी. दिशा, अंतर, उतार रोज पोरांना शिकवते. कोणाला सांगायची सोय नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

आज मोठी गोष्ट घडली.

बाबांचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जुलैमध्ये मी जवळजवळ ओढत डॉक्टरांकडे नेलं तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, फार पिकू देऊ नका. पिकला आणि डोळ्याचा दाब वाढला, तर गेलेली नजर मग कशानेच परत येत नाही. तेव्हापासून बाबांची कारणं ऐकतेय. पावसाळ्यात नको, पाणी लागते. दसऱ्याला नको, पाव्हणे येतात. दिवाळी झाल्यावर पाहू. उन्हाळ्यात तर डोळ्याचं ऑपरेशन कोणीच करत नाई. वर्षाचे बाराही महिने त्यांनी असे वाटून टाकलेत.

खरं कारण मला माहीत आहे. डेपोतल्या एका मित्राचं ऑपरेशन फसलं होतं. बाबा घाबरतात. पण घाबरतो असं म्हणणार नाहीत, "दिसते ना मले" म्हणतात.

आज नवव्या टोपल्याशी मी शेवटी चिडले. म्हटलं, "मला हरवता म्हणून दिसतं असं समजू नका." ते हसले. मग एकदम लटारूभाऊंना म्हणाले, "लटारू, साक्षी राह्य. ज्या दिवशी ह्या घरातलं कोणी मले हरवन, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डोळा कापाले जातो. तोवर कोणी डोळ्याचं नाव नाई काढाचं."

मी लगेच हात पुढे केला. घेतली पैज! घरी येताना मी सायकलवर गाणं म्हणत होते. तीन-चार रविवारांत संपवते हे प्रकरण.

१४ नोव्हेंबर

दिवाळी म्हणून शाळेला सुट्टी. सकाळ-संध्याकाळ सराव. खांदा गेला कामातून.

१८ नोव्हेंबर, रविवार

हरले.

२५ नोव्हेंबर, रविवार

हरले. आज फार वाईट हरले. बांबूच्या दाट रांजीत माझी चकती अशी अडकली की लटारूभाऊंनी काठीने काढून दिली आणि वर म्हणाले, "बाई, हे इथी अंडे घालाले ठेवली व्हती का?"

बाबांचा नवा नखरा सांगते. फेकायच्या आधी ते पाय रोवून उभे राहतात, मान जराशी तिरकी करतात आणि हुकूम सोडतात, "लटारू, वाजव." मग लटारूभाऊ पुढे जाऊन काठीने टोपल्याच्या चेनी खळखळ वाजवतात. मग बाबा फेकतात. प्रत्येक फेकीला हेच! तमाशात ढोलकी वाजल्याशिवाय जसं कोणी स्टेजवर येत नाही, तसं. आणि चकती जाते पण कशी? सरळ. झाडांमधून वाट काढत वगैरे नाही. झाडं नाहीतच, अशी. कधी एखाद्या खोडाला लागते, पण बहुतेक वेळा पार निघून जाते. माझी मात्र झाडं चुकवता चुकवता नागपूरकडे तोंड करते.

मीही एकदा लटारूभाऊंना म्हटलं, वाजवा. त्यांनी वाजवलं. मी मोहाला मारली.

२ डिसेंबर, रविवार

आज खेळाचं लिहावंसं वाटत नाही.

बाबा मुन्नाच्या दुकानात निघाले होते, चेन तुटली म्हणून. रस्ता ओलांडताना कोळशाचा ट्रक आला. ट्रक आवाज न करता थोडाच येतो, पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूने बस हॉर्न वाजवत होती आणि बाबांना वाटलं, आवाज आहे तो तिकडचाच. मुन्नाने दुकानातून उडी टाकून कॉलर धरून मागे ओढलं. शर्टाची वरची दोन बटणं तुटली.

मुन्ना घरी सोडायला आला. "बाई, चाचाले एकटं नका सोडत जाऊ," एवढंच बोलला. बाबा म्हणाले, "ट्रकवाल्याची चुकी व्हती." आईने बटणं शिवायला घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. मला फार भीती वाटली आज. आणि मी तसं म्हणत नाही, भांडी आपटते. मुलगी कोणाची!

म्हटलं, पैज मोडा आणि चला उद्याच. तर म्हणे, "जबान दिली म्हंजे दिली. हरव मले."

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. खेळ नाही. विहारात गेलो. बाबांचा हात मी धरला होता. त्यांनी धरू दिला.

९ डिसेंबर, रविवार

हरले, पण तीनच फेकींनी. सुधारणा आहे.

दुपारी प्रफुलचा फोन आला. मी पेपर तपासत होते, बाबांनी घेतला. एक टोपलं किती फेकीत पाडलं तर चांगलं, हे ठरवायचं कसं, असं बाबांनी विचारलं असावं. पलीकडून प्रफुलने काहीतरी लांबलचक समजावलं. बाबा "हो, हो, बरोबर" करत होते. फोन ठेवून म्हणाले, "आपला खेळ अर्धाच हाये. एक सामान राह्यलंच. लटारूले सांगा लागते." मी म्हटलं, कसलं सामान? म्हणाले, "तू पेपर तपास."

१० ते १४ घटक चाचणी. बागेत जाणं होणार नाही.

१६ डिसेंबर, रविवार

हसून हसून पोट दुखतंय. लिहिता येईल की नाही माहीत नाही.

आठवडाभराने बागेत गेले. बघते तर नऊच्या नऊ टोपल्यांच्या झाडांना पार बांधलेले! दगड रचून, मुरूम भरून, वरून शेणामातीने सारवून. गावात वडा-पिंपळाखाली असतात ना, तस्सेच. आणि सगळे एका उंचीचेही नाहीत. पहिल्या मोहाचा कमरेएवढा, त्यापुढच्या सागाचा छातीएवढा, आणि शेवटच्या अर्जुनाच्या झाडाचा माझ्या नाकाला लागेल एवढा. त्याच्यावर चढायला शिडी लागेल.

"हे काय?" म्हटलं.

लटारूभाऊ अभिमानाने म्हणाले, "पार. तुह्या बाबानं सांगतलं. पह्यल्याले पार तीन, लांबच्याले पार चार, शेवटच्याले पार पाच. फुटपट्टी लावून बांधले बाई. कंपाउंडचे दगड उरले व्हते, दोन माणसं घेतले."

बाबा म्हणाले, "प्रफुलच म्हणे, परत्येक टोपल्याले पार ठरवा. मले वाटलं, तिकडचे लोकं खेळून थकत असतीन, मंग बसत असतीन."

रात्री प्रफुलला फोन लावला. त्याने पाच मिनिटं नुसतं हसण्यात घालवली. पार म्हणजे म्हणे आकडा! चांगल्या खेळाडूला त्या टोपल्यापर्यंत किती फेकी लागाव्यात, त्याचा. तीनचा पार म्हणजे तीन फेकी. बाबांना सांगितलं तर ते रागावले. "मंग आकडा म्हणाव ना. पार काऊन म्हणते?"

बरोबर आहे. काऊन म्हणते?

१९ डिसेंबर

वनविभागाचे साहेब पाहणीला आले होते. लटारूभाऊंचा जीव टांगणीला. साहेब पहिल्या पारावर बसले, पाय सैल सोडले, म्हणाले, "वा, नागरिकांच्या बसण्याची सोय छान केली." आता पार राहणार.

२३ डिसेंबर, रविवार

नागरिक बसले!

त्या बागेत आजवर बसायला दोन सिमेंटचे बाक होते, तेही तुटके. आता नऊ पार. पहिल्यावर पेन्शनर, पेपर वाचत. चौथ्यावर कॉलेजची पोरं. सागाखालच्यावर आमच्या गल्लीतल्या इंदुताई चार बायका घेऊन, स्वेटर विणत. आणि सगळे नेमके टोपल्याखाली. फेकायची कुठे? दरवेळी "सरका, सरका" करत ओरडायचं. एक आजोबा सरकायला तयार नाहीत. म्हणाले, "तू फेक. लागली तं सांगतो."

बाबांचं आज जमत नव्हतं. तिसऱ्याला दोन फेकी वाया गेल्या. "लटारू, अजून वाजव," म्हणत होते. तरी जिंकले. एका फेकीने! मी आज जवळजवळ जिंकलेच होते.

घरी आल्यावर आईला सांगितलं, बाबा आज कसे चुकत होते ते. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. हात थांबले तिचे. "गर्दी व्हती का?" म्हणाली. म्हटलं, खूप. "आवाज व्हता?" म्हटलं, इंदुताई असल्यावर आवाज नसेल का.

मग ती पुन्हा शेंगा सोलायला लागली.

३० डिसेंबर, रविवार

आई बागेत आली! लग्नाला बत्तीस वर्षं झाली, बाबांनी कितीदा म्हटलं असेल, चल फिरायला. तर तिचं एकच, तिथी जाऊन का उभी राहू? आता बसायला पार आहे, म्हणून आली. तीन फुटीवर बसली, तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. आमचा डाव पाहिला. मी हरले, हे लिहायलाच नको.

डाव संपल्यावर म्हणाली, "दे पाहू ते झाकण." आणि फेकली. लग्नाच्या पंगतीत एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसापुढे पत्रावळ भिरकावतात ना, तशी. खांदा नाही, ओढ नाही, नुसतं मनगट. चकती तरंगत गेली, दोन झाडांमधून वळली आणि चेनीला लागली.

लटारूभाऊ काठी टेकवून टोपल्याकडे बघतच राहिले.

"लागली का?" बाबांनी विचारलं.

"लागली," आई म्हणाली. "पैज कोनाची व्हती म्हणता? घरातलं कोणीबी?"

२ जानेवारी २००२

आई रोज अंगणात दोरीवर टांगलेल्या सुपावर नेम धरतेय. धुणं वाळत घालायला जागा नाही. मी मदत करू लागले तर म्हणाली, "तू शाळेत जाय."

६ जानेवारी, रविवार

आता सगळं लिहिते. सकाळपासूनचं.

कडाक्याची थंडी होती. आम्ही पोचलो तर बाग भरलेली. आईने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं! प्रत्येक पारावर बायका. इंदुताईंनी ढोलक आणलेली. पाच फुटीवरही दोघी जणी कशा चढल्या कोण जाणे. बाबा हसत आईला म्हणाले, "सत्यशीला, पंगत बोलावली का?"

पहिलं टोपलं. आईची दुसऱ्या फेकीत लागली. बाबांची पाळी. पाय रोवले, मान तिरकी केली. "लटारू, वाजव."

लटारूभाऊंनी वाजवलं. त्याच वेळी इंदुताईंनी ढोलक सुरू केली, आणि बायकांनी गाणं उचललं. मोठ्याने. बाबा थांबले. म्हणाले, "अजून वाजव." वाजवलं असेल. मला जवळ उभी असून ऐकू आलं नाही. बाबांनी फेकली. तेंदूच्या झुडपात.

दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यालाही. पारावरून पारावर गाणं पुढे सरकत होतं आमच्याबरोबर. बाबा मान फिरवत होते, इकडे, तिकडे, कुठून काहीतरी सापडेल म्हणून. एकदा तर ते टोपल्याकडे पाठ करून उभे राहिले. तेव्हा मला कळलं. तिथेच, त्या क्षणी. मी "गाणं थांबवा" म्हणणार होते, तर आईने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती पुढची चकती फेकत होती.

सातव्या टोपल्यानंतर बाबांनी चकती खाली ठेवली. म्हणाले, "बस झालं. गाणं बंद करा वो बाया. हरलो." मग आईला अगदी हळू म्हणाले, "तुले कवापासून माहीत हाये?"

आई म्हणाली, "तुमी ताटात कोणती भाजी हाये ते पाहाले वाकून वास घेता, तवापासून."

मला काहीच माहीत नव्हतं. रोज बरोबर खेळले, रोज हरले, रोज त्यांच्या त्या वाजव-वाजवला हसले. ते टोपलं बघत नव्हतेच. ऐकत होते.

१५ जानेवारी

ऑपरेशन झालं. उजवा डोळा. बाबा जबानीप्रमाणे हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले होते, तारीख आजची मिळाली. डॉक्टर बाहेर येऊन मलाच रागावले. म्हणाले, फार पिकला होता, आता उजेड-अंधाराखेरीज फारसं काही दिसत नसणार, हे घरात वावरत कसे होते? मी काय सांगू? बागेत मला रोज हरवत होते म्हणून सांगू?

दाब वाढलेला नाही म्हणाले. वेळेवर आलात. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

१६ जानेवारी

पट्टी काढली. बाबांनी आधी छताचा पंखा पाहिला, मग भिंतीवरचं घड्याळ, मग आईला. खूप वेळ पाहिलं. "अवं, हे केस कवा पिकले तुहे?" आई म्हणाली, "पाच वर्षं झाले." आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. बाबांनी तो परत मागे सारला. मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले.

१९ जानेवारी

बाबांनी घरातली जळमटं मोजली. आईने त्यांच्या हातात झाडू दिला.

३ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर म्हणाले, अजून तीन आठवडे धक्का नको, चकती नको. बाबा तोंड पाडून बसलेत. दुसरा डोळा होळीनंतर करायचा. आता स्वतःच तारीख विचारतात.

२४ फेब्रुवारी, रविवार

आज परत बागेत. पळस फुललाय. आम्ही तिघंच, ढोलक नाही. लटारूभाऊ काठी घेऊन टोपल्याशी गेले तर बाबा म्हणाले, "नको वाजवू."

पाय रोवून उभे राहिले. फेकली नाही. चकतीचा हात खाली आला, परत वर गेला, परत खाली. शेवटी फेकली ती कशीबशी, पहिल्याच सागाला लागून पडली. पुढची त्याहून जवळ. अख्खा डाव तसाच. मी जिंकले! नोव्हेंबरपासून जिंकायचं होतं मला, आणि जिंकले तर पळतच त्यांच्याकडे गेले, काय झालं, दुखतोय का डोळा?

बाबा त्या झाडांकडे बघत होते. साग, मोह, तेंदू, बांबू, एकामागे एक.

"पोरी, हे सगळे तुले दिसत व्हते? रोज?"

"हो."

"अन् तरी तू फेकत व्हती," बाबा म्हणाले.